सत्तेचाळीस नंबरचं फाटक

बुधवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी गिरजाबाई गेल्या. खोलीत तेव्हा सत्यवती एकटीच होती. सासूला पाजायला आणलेल्या चहाची बशी तिच्या हातात होती. तिनं आधी सासूच्या नाकाशी बोट धरलं, मग बशी खाली ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ही सवय घराला मारोतरावांनी लावली होती. रेल्वेचं सत्तेचाळीस नंबरचं फाटक त्यांनी एकतीस वर्षं सांभाळलं. घरात कुणी जन्मो की मरो, आधी वेळ सांगायची, मग बाकीचं.

दोन दिवस कोसळलेला अवकाळी पाऊस मंगळवारी संध्याकाळी थांबला होता. आभाळ निवळलं होतं, पण अंगणातला चिखल तसाच होता. साडेआठपर्यंत त्या चिखलात विटा टाकून चाळीसेक माणसं उभी राहिली. कुणी काही विचारत नव्हतं. टेंभरी रोडवर मयत झालं की लाकडं, बांबू, मडकं ही कामं आपोआप वाटली जातात. आज मात्र ती अडून राहिली, कारण न्यायचं कुठं हेच ठरत नव्हतं.

टेंभरी रोडला सगळे टेशनच म्हणतात. मूळ टेंभरी रुळांच्या पलीकडे, तलावाच्या काठाला, दीड किलोमीटरवर आहे. छोटी लाइन आली तेव्हा अलीकडे एक टिनाचं छप्पर आणि पाण्याची टाकी एवढंच होतं. मग धान घ्यायला व्यापारी आले, भातगिरण्या आल्या, बाजार भरू लागला आणि पोटातलं मूल आईपेक्षा मोठं व्हावं तसं टेशन टेंभरीपेक्षा मोठं झालं. फक्त मसणवट तेवढी पलीकडेच राहिली, तलावाच्या पाळीवर. टेशनवाले जन्मभर अलीकडे कमवत आणि मेल्यावर फाटक ओलांडून टेंभरीला परत जात.

सहा वर्षांपूर्वी छोटी लाइन बंद झाली. रूळ उचलले, भराव उंच केला, मोठी लाइन टाकली. दोन वर्षांपूर्वी फाटक गेलं आणि त्याच्या जागी रुळांखालून बोगदा झाला. त्या बोगद्यात आज सात फूट पाणी होतं.

"दोन वाजता काढू," भय्याजी म्हणाले. ते थोरले. टेशनावर त्यांची धानाची आडत होती आणि मागची पाच वर्षं सरपंचपदही. "शेडमध्ये लाकूड सुकं हाय. मी सांगून आलो."

"कोनत्या शेडमध्ये?" कैलाशनं विचारलं. धाकटा. तो घरची शेती करायचा.

"मोक्षधामात. आनखी किती शेडी हायेत गावात?"

"मायले तिथं नाई न्यायचं."

"मंग कुठं नेतं? मी पाहून आलो बोगदा. भिंतीवरच्या पट्टीवर सात दिसते, सात."

"बाबाच्या बाजूनं न्यायचं. तिनं सांगतलं होतं."

"अड्याळवरून फेरा मारून नेलं असतं एखाद्यानं," भय्याजी शांतपणे म्हणाले, "तर नाल्यावरचा रपटा बुडला हाय. टेंभरीची पोरं दोन दिवसांपासून शाळेत नाई आली. आता तू सांग, उडवत नेतं का?"

सत्यवती दाराच्या आत, पदर पुढे ओढून बसली होती. ती कैलाशची बायको. या घरात येऊन तिला बावीस वर्षं झाली होती आणि बावीस वर्षांत ती भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, एक वाक्यही समोरासमोर बोलली नव्हती. ते अंगणात आले की ती आत जाई. काही सांगायचंच असलं तर सासूला सांगे आणि सासू लेकाला. आता मधली बाई गेली होती.

मोक्षधाम भय्याजींनीच बांधलं होतं. घराच्या मागच्या अंगाला, फाटकाच्या उलट दिशेला. सिमेंटचा चौथरा, वर पत्र्याचं छप्पर, भिंतीवर संगमरवरी पाटी आणि पाटीवर त्यांचं नाव. तीन वर्षांत तिथं एक बेवारशी माणूस जळला होता आणि एकदा कुणाच्या तरी बकऱ्या पावसात उभ्या राहिल्या होत्या. टेशनावरच्या जुन्या घरांपैकी कुणी तिथं गेलं नव्हतं. गिरजाबाई तर खाटेवरून रोज एकदा सांगत, "मले तुया मामंजीच्या बाजूनं ठेवजो वं सत्यवती. त्या टिनाखाली नोको." आणि सत्यवती रोज म्हणे, "हो आत्याबाई."

साडेनवाला जवाहरनगरहून रिता आली, धाकटी बहीण. तिचा नवरा कारखान्यात नोकरीला होता. ती आईच्या पायाशी बसली, रडली, तोंड पुसलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "मी कैलाशदादाच्या बाजूनं हाव. मायले तलावावरच न्यायचं."

"तू तं हमेशा दादाच्या बाजूनंच असतं," भय्याजींची बायको गोदावरीबाई ओट्यावरून बोलली. "जिवंतपनी दोन दोन महिने तोंड दाखवाचं नाई अन् मेल्यावर मत द्याले यायचं."

"वहिनी, मी मत नाई देऊन राहिली. मायनं जे सांगतलं ते सांगून राहिली."

"तिनं सांगतलं ते साऱ्यांनीच ऐकलं. पान्याले कोन सांगन?"

विटेवर बसलेले केशवराव खोकले. ऐंशीला टेकलेला हा माणूस रेल्वेत गँगमन होता, मारोतरावांच्या बरोबरचा. "तुमच्या बाबानं एका मयताच्या ताटीसाठी चार मिनिटं गाडी उभी केली होती," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. हा किस्सा घरात सगळ्यांना पाठ होता, तरी सगळे गप्प बसले. "कोष्ट्याची म्हातारी होती. सिग्नल पडला होता. मारोती लाल झेंडी घेऊन रुळात उभा राह्यला. साहेबानं कागद धाडला, जवाब द्या म्हने. यानं लिहून देल्लं, मयत पुढं जाते, गाडी मागून येते. पगार कापला त्याचा. पन कोनाची ताटी त्यानं फाटकावर थांबवली नाई."

"तवा गाडी सायकलीच्या बरोबरीनं चालत होती, काका," भय्याजी म्हणाले.

"ते बी खरं."

कैलाश उठला आणि चपला न घालताच फाटकाकडे निघाला. रिता त्याच्या मागे गेली. थोड्या वेळानं भय्याजीही गेले.

अकराच्या सुमाराला शेजारचा टेकचंद धावत आला. "वहिनी, शेतातल्या खोलीची चाबी द्या. कैलाशभाऊनं मागतली. पानी उपसाचं इंजिन काढाचं हाय."

खोलीची किल्ली सत्यवतीच्या कमरेला होती. ती सोडून टेकचंदच्या हातावर ठेवायची, एवढंच काम होतं. पण सोमवारपासून तिनं शेत पाहिलं नव्हतं. तिनं सासूच्या अंगावरची चादर नीट केली, शेजारणीला बसायला सांगितलं आणि किल्ली घेऊन स्वतःच निघाली. मयताच्या घरची सून बाहेर पडलेली पाहून गोदावरीबाईनं भुवया उचलल्या, पण ती बोलली नाही. दीड वर्षापूर्वी चुली वेगळ्या झाल्या, तेव्हापासून दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या.

शेत फाटकाला लागूनच होतं. पाच बांध्या, म्हणजे बांध घालून अडवलेले धानाचे तुकडे, उतरत उतरत गेलेल्या. रविवारी त्यांचं धान कापून झालं होतं आणि कडपा, म्हणजे कापलेलं धान, वाळायला जमिनीवर पसरलेला होता. सोमवारी पाऊस आला. कडपा भिजला होता, पण बांध्यांत पाणी साचलेलं नव्हतं. आणखी दोन दिवस ऊन मिळालं असतं तर निम्म्याहून जास्त धान वाचलं असतं. सत्यवतीनं वाकून एक लोंबी चुरून पाहिली. दाण्याला अजून मोड नव्हता.

फाटकाच्या जागी रुळांचेच तुकडे उभे गाडून त्यांच्या बुडाला काँक्रीट ओतलेलं होतं. एरवी माणसं त्या खांबांमधून अंग चोरून पलीकडे जात. आज तिथं दोन शिपाई उभे होते आणि नारिंगी जाकीट घातलेला एक पोरसवदा सुपरवायझर फोनवर बोलत होता. त्याचं नाव प्रफुल्ल, राहणारा पवनीचा, नोकरी कंत्राटदाराकडे. कैलाश त्याच्यासमोर हात जोडून उभा होता. सत्यवती शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाच-सात हातांवर थांबली.

"काका, तुमचं दुःख मले समजत नाई का," प्रफुल्ल म्हणत होता. "पन आज ट्रायल हाय. तीन ते सहा, कवाबी गाडी येऊ शकते, एकशे वीसच्या स्पीडनं. ग्रामपंचायतीत नोटीस लागली होती."

"आता तं अकरा वाजले. दहा मिनिटात आमी पार होतो."

"लाइन आठपासून बंद केली हाय. साहेब लोकांची ट्रॉली वरखाली फिरून राहिली. एक कुत्रं जरी मधात आलं तं मी घरी."

"मंग उद्या सकाळी?"

"उद्याबी ट्रायल, परवाबी. तीन दिवस हाय." मग तो जरा चिडून म्हणाला, "अन् फाटक तुमीच सोडलं ना जी. मी तं नंतर आलो. तवाच अडून राह्यचं होतं."

"आमी कवा सोडलं?"

प्रफुल्लनं फोनवर काहीतरी शोधलं आणि पुढे धरला. "हे पाहा. फाइलीतला कागद हाय. सत्तेचाळीस नंबरचं फाटक बंद करण्यास हरकत नाही, गाडीला टेंभरी रोड येथे थांबा मिळावा. ठराव. खाली सरपंचाची सही."

कैलाशनं सही पाहिली आणि मागे वळून भावाकडे पाहिलं. तो सहीवरच थांबला. रितानं मात्र फोन हातात घेतला आणि बोटानं कागद वर सरकवला.

"हे दुसरं काय हाय? बोगद्याच्या रस्त्यासाठी जमिनीची पट्टी देण्यास संमती. अन् हा आंगठा." तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. "गिरजाबाई मारोतराव. दादा, हा तं मायचा आंगठा होय."

"मायले फसवलं," कैलाश म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आपली सही केली ते केली, तिचाबी आंगठा घेतला. ज्या फाटकावर बाबानं जिंदगी काढली ते तिच्या हातानं बंद केलं यानं. अन् आता म्हनते शेडमध्ये जाळा."

भय्याजी रुळांकडे पाहत राहिले. "फाटक राह्यलं असतं तं थांबा भेटला नसता," ते म्हणाले. "दोन गिरन्या बंद पडल्या. बाजारात माशा हाकलून राहिले लोक. गाडी थांबली असती तं हे गाव राह्यलं असतं. मी गावासाठी केलं."

"थांबली का?"

"टाइमटेबल आलं नाई अजून."

"फलाटाची पाटी बी आली नाई. मायचा आंगठा कसा घेतला ते सांग."

सत्यवती पदराआडून भय्याजींकडे पाहत होती. ते सांगतील असं तिला वाटलं. सांगायला हरकत नव्हती; सांगितलं असतं तर निम्मं ओझं उतरलं असतं. पण त्यांनी सांगितलं नाही आणि तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तेच तिला जास्त लागलं. दोन वर्षं हा माणूस फाटकापायी भावाच्या शिव्या खात आला होता, आणि शिव्यांतला तिचा वाटाही त्यानं मुकाट्यानं स्वतःकडे ठेवला होता.

टेकचंदनं विषय मोडला. "पानी उपसाचं म्हटलं होतं ना. कैलाशभाऊचं एक इंजिन, माहं एक. आता लावलं तं चारपर्यंत कमरेएवढं होते. तीन फुटांवर आलं की डोक्याच्या वर धरून नेता येते ताटी."

"फेकाचं कुठं?" रितानं विचारलं.

सगळ्यांनी आजूबाजूला पाहिलं. बोगद्याच्या उजव्या हाताला भराव होता. प्रफुल्लनं आधीच मान हलवली. ट्रायलच्या दिवशी भरावावर पाणी सोडू देणं त्याच्या हातात नव्हतं. डाव्या हाताला कैलाशच्या पाच बांध्या होत्या.

कैलाशनं धान पाहिलं, मग बोगदा पाहिला आणि खाली बसला.

"वर्षाचं खानं हाय ते," तो शेवटी म्हणाला.

"माह्यापेक्षा जास्त कोन समजनार तुले," भय्याजी म्हणाले. "म्हून मी सकाळपासून म्हनतो, शेड. तुयं धान राह्यते, मायचं बी होऊन जाते."

"अन् दादा, तू?" रिता म्हणाली. सकाळपासून कैलाशच्या बाजूनं असलेली ती आता त्याच्यासमोर उभी होती. "घरी तं मोठ्या गोठी केल्या, बाबाच्या बाजूनं, बाबाच्या बाजूनं. धानाची गोठ निघाली अन् बसला. मंग भय्याजीचंच बरोबर."

"तू जवाहरनगरात तांदूळ थैलीनं घेतं, रिता. तुले काय मालूम."

"मले मालूम नाई. बरं. तूच सांग मंग."

सत्यवती धुऱ्यावरून उतरली. कडपा तुडवू नये म्हणून पाऊल जपत ती माणसांजवळ आली. डोक्यावरचा पदर तिनं काढला नाही, पण तोंडावरून मागे सारला.

"भय्याजी," ती म्हणाली, "तुमी काहून बोलत नाई?"

कैलाशनं चमकून वर पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती भासऱ्यांशी बोलत होती, तेही चार परक्या माणसांत.

भय्याजींनी मान खाली घातली. "जाऊ दे, बाई. तू घरी जा."

"आंगठा मी लावला," सत्यवती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "हात आत्याबाईचा होता. धरला मी होता. भय्याजीनं कागद अन् शाई खाटेवर ठेवली अन् आत्याबाईले म्हटलं, वाचून घे. म्हून मी वाचून दाखवला, पूरा. त्यात फाटक लिहिलं होतं. कोनी कोनाले फसवलं नाई."

"अन् मायनं देल्ला?"

"आत्याबाईनं विचारलं, गाडी थांबन का? मी म्हटलं, थांबन. मंग त्या म्हने, फाटक सोडून गाडी थांबत असन तं तुये मामंजीबी काही म्हनत नाई. अन् बोट पुढं केलं."

"तू काहून म्हटलं थांबन? तुले कोनी सांगतलं होतं?"

"कोनी नाई. आपली गुंजन नागपूरच्या कॉलेजात जाते. साडेपाचाले अंधारात फाट्यावर उभी राह्यते, दोन बसा बदलते. मले वाटलं, गाडी आली की बसन इथं अन् उतरन तिथं. एवढंच वाटलं मले. ताटीचं ध्यानात नाई आलं."

ट्रॉली येत असल्याची शिट्टी दुरून वाजली. शिपाई खांबांजवळ सरकले. पिवळी ट्रॉली चार साहेबांना घेऊन समोरून गेली; कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती गेल्यावर सत्यवतीनं कमरेची किल्ली सोडली आणि टेकचंदला दिली.

"पाइप आपल्या बांधीत टाका," ती म्हणाली. "खालच्या तीन बांध्या आधी. वरच्या दोनमधला कडपा उचलाले अर्धा घंटा द्या."

तिनं कैलाशकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर परवानगी मागितल्यासारखं झालं असतं. कैलाश उठला, टॉवेल कमरेला बांधला आणि इंजिन काढायला खोलीकडे गेला. तिच्या शेजारून गेला, पण तिच्याशी बोलला नाही.

बातमी घरी पोचायला पाच मिनिटं पुरली. मयताला आलेली माणसं फाटकाकडे आली, आणि पांढरी टोपी, पांढरा सदरा घातलेले सोयरे-धायरे चिखलात उतरून ओल्या धानाचे भारे उचलू लागले. भारा ओला असला की दुप्पट जड होतो. सत्यवती एकटीनं एक उचलू पाहत होती, तेव्हा समोरून दोन हातांनी त्याचं दुसरं टोक धरलं.

"सरक," गोदावरीबाई म्हणाली. "दोघी धरू."

दोघींनी तो धुऱ्यावर नेऊन टाकला. मग दुसरा. नवव्या की दहाव्या भाऱ्याला गोदावरीबाई म्हणाली, "त्या शाईच्या डबीचं मले मालूम होतं. हे कधी बोलले नाईत, पन मले मालूम होतं."

"मंग सांगतलं काहून नाई? चूल वेगळी होतानी तं सारं काढलं तुमी."

"सांगतलं असतं तं आत्याबाईचं नाव आलं असतं." ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "अन् तुया सुखासाठी गप्प नाई राह्यली मी. उचल."

साडेबाराला दोन्ही इंजिनं सुरू झाली. तोवर एक बांधी पूर्ण आणि दुसरी निम्मी उचलून झाली होती. पाइपातून आधी काळं पाणी आलं, मग चिखलाचं, मग नुसतं गढूळ. खालच्या तीन बांध्यांत कडपा तरंगू लागला. तो तरंगत धुऱ्याशी गोळा झाला, आणि सत्यवतीनं तिकडे पाठ केली.

बोगद्याच्या भिंतीवर पांढऱ्या रंगानं फुटांचे आकडे लिहिलेले होते. दोन वाजता सहा दिसला. साडेतीनला पाच. वेग कमी होत होता. तलावाची ओल मागून झिरपत होती. तोवर गिरजाबाईंना आंघोळ घालून त्यांना आवडायचं ते साधं पांढरं लुगडं नेसवून झालं होतं. गुंजन नागपूरहून एक वाजता आली होती. ती आजीच्या उशाशी बसून होती आणि आईकडे प्रश्नानं पाहत होती. सत्यवतीनं तिला काही सांगितलं नाही. दिवस मावळला की मयत पलीकडे नेत नाहीत, आणि तो मावळायचा होता पाच एकतीसला. केशवरावांनी कालनिर्णयात दोनदा पाहिलं.

चार वाजता भय्याजी दाराशी आले. अंगावर ओलं उपरणं, हातात अजून मडकं घेतलेलं नव्हतं. त्यांनी आत पाहून थेट विचारलं; या वेळी मध्ये कुणी नव्हतं. "सत्यवती, काढू का?"

ती उभी राहिली.

"विचारतो यासाठी की काढली की काढली," ते म्हणाले. "फाटकावर नेली अन् पानी नाई उतरलं, तं परत फिरवता येत नाई. शेड घराच्या मागं हाय. मयत घरावरून मागं नेता येत नाई. आताच शेडकडं वळवलं तं सारं नीट होते. सांग. कैलाश म्हने, तिले विचारा."

म्हणजे तो बोलला होता. तिच्याशी नाही, तिच्याबद्दल. सत्यवतीनं सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नाकात कापूस होता. अंगठ्याला शाईचा डाग नव्हता. तो तिनंच त्याच दिवशी राखेनं घासून काढला होता.

"काढा," ती म्हणाली.

सव्वाचारला तिरडी उठली. पहिला खांदा कैलाश, टेकचंद आणि दोन सोयरे. पुढे मडकं धरून भय्याजी. टेशनावरच्या रीतीप्रमाणे बाया फाटकापर्यंत चालत गेल्या. बाजार ओट्यावरची दुकानं अर्धी बंद होती, ती मयतामुळे की कायमची, हे आता बाहेरच्या माणसाला सांगता आलं नसतं. नव्या फलाटावर पाटीचे दोन खांब उभे होते आणि मधे पाटी नव्हती.

फाटकाशी तिरडी खाली ठेवली. विसाव्याचा दगड पलीकडे होता, तलावाच्या वाटेवर. तो इथूनही दिसत होता. पाणी साडेचार फुटांवर होतं. चार चाळीसला टेकचंदचं इंजिन बंद पडलं, दहा मिनिटांनी सुरू झालं. प्रफुल्ल दर पाच मिनिटांनी फोन लावत होता आणि दर वेळी सांगत होता, "गाडी लेट हाय. अजून निघाली नाई." मग पाच दहाला त्यानं सांगितलं, "निघाली."

"किती वेळ लागते?" रितानं विचारलं.

"कुठंकुठं थांबवून पाह्यतात. मले सांगत नाईत."

"अन् ती गेली की आमाले वरून जाऊ देनार?"

"परत बी येते ती, ताई. त्याच लाइननं."

केशवराव तिरडीजवळ उकिडवे बसले होते. कैलाश त्यांच्या शेजारी. सत्यवती गुंजनला धरून बायांच्या पुढे उभी होती. कैलाशनं मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता तिथं. अनोळखी माणसाला पाहावं तसं पाहिलं आणि नजर पाण्याकडे वळवली.

पाच एकवीसला भय्याजींनी मडकं कैलाशच्या हातात दिलं. दोघांची बोटं मडक्याच्या दोरीवर क्षणभर एकत्र आली. "धर," ते म्हणाले. त्यांनी धोतर खोचलं आणि बोगद्याच्या उतारावरून पाण्यात उतरले. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला, मग पोटाच्या वर. मधोमध पोचल्यावर त्यांनी पाय चाचपून पाहिले.

"खाली गाळ हाय," त्यांचा आवाज बोगद्यातून घुमत आला. "पन उभं राह्यता येते. दोन मानसं इकडून, दोन तिकडून. मी मधात राह्यतो."

"पट्टीवर किती?" कैलाशनं विचारलं.

भय्याजी भिंतीजवळ सरकत होते. वर, रुळांच्या अंगाला, प्रफुल्लनं हिरवी झेंडी बगलेत धरून मनगटावरचं घड्याळ पाहिलं. शिपायांनी बायांना दोन पावलं मागे सारलं.

"चार," भय्याजी म्हणाले. "चारच्या खाली दोन बोटं भिंत ओली दिसते."

पाच वाजून सव्वीस मिनिटं झाली होती; दिवस मावळायला पाच मिनिटं उरली होती. दोन्ही इंजिनं चालू होती, मडक्यातून धूर येत होता, तिरडी फाटकाशी खालीच होती. गाडी अजून आली नव्हती.